हळू, पण चालू

मित्रा माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आली ती अनवाणी. चप्पल तिने खाली जिन्याच्या तोंडाशी, अगदी रस्त्यावरच काढून ठेवली होती. नारायण पेठेत रस्त्यावर काढलेली चप्पल परत मिळते अशी तिची समजूत कुणी करून दिली होती कोण जाणे. मी म्हटलं, वर आणा, इथं जागा आहे. तर म्हणाली, राहू द्या काका, गाताना पायाला जमीन लागते मला. जमीन वरच्या मजल्यावर कशी लागणार, हा प्रश्न मी गिळला. गिऱ्हाईक नवीन होतं.

स्टुडिओला स्टुडिओ म्हणणारा मी एकटाच. बाकी सगळे त्याला 'वरची खोली' म्हणतात. खाली वह्या-पेनांचं दुकान, वर ही खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकी कायमची बंद आहे आणि मधोमध एक माइक. इथं गाणी क्वचित होतात. इथं होतात ते निवडणुकीच्या रिक्षेवरचे प्रचार, क्लासच्या जाहिराती, आणि गणपतीच्या आधी एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी घसा ताणून म्हटलेल्या आरत्या. मी एका बाजूला बटणं फिरवत बसतो आणि कुणाचं काय चुकलं ते सांगतो. पैसे बटणांचे मिळतात, सांगायचे मिळत नाहीत, तरी सांगतो.

तिचं पूर्ण नाव संघमित्रा मेश्राम. नाव विचारलं की ती पूर्ण सांगायची आणि वर आपणच म्हणायची, मित्रा म्हणा, दम लागेल. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. मूळचे भंडाऱ्याकडचे, बदली होऊन इकडे आले आणि फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहिले ते राहिलेच. मित्रा तिथंच वाढली. त्यामुळे तिची भाषा म्हणजे एक मजेदार मिसळ होती. घरात वऱ्हाड-भंडाऱ्याकडची, बाहेर पुण्याची, आणि खराडीतल्या कंपनीत इंग्रजी. कंपनीत ती दिवसभर फोनवरून कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचे रुसलेले प्रिंटर समजूत घालून चालू करून द्यायची. तिचा आवाज ऐकून प्रिंटर घाबरत असतील असं माझं मत.

कारण आवाज तसाच होता. घरातलं लोखंडी कपाट सरकवलं की खालच्या मजल्यावर कळतं, तसा. लहानपणापासून क्वार्टरजवळच्या विहारात एप्रिल आला की ती बुद्ध-भीमगीतं म्हणायची, माइक बंद पडला तरी तिचं गाणं बंद पडायचं नाही, असं तिची आई अभिमानाने सांगायची. पहिल्या दिवशी ती आली होती टीव्हीवरच्या कुठल्याशा स्पर्धेला पाठवायची चाचणी रेकॉर्ड करायला. मी माझ्या सवयीप्रमाणे सांगितलं की आवाज जरा आवरून, गोड लावलात तर बरं. ती म्हणाली, "काका, गोड लावणाऱ्या पुष्कळ आहेत. मी सोल गाते."

सोल म्हणजे बुटाचा असतो एवढंच मला माहीत. तिने समजावलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, चर्चमध्ये उगवलेलं, दुःख सोसून सोसून शेवटी टाळ्या वाजवत म्हटलेलं. आमच्या विहारातल्या गाण्याचा चुलतभाऊच समजा, म्हणाली, म्हणून तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परकं वाटलंच नाही. ते गळ्यातून येत नाही, पोटातून येतं. मी म्हटलं, आमच्याकडे पोटातून ढेकर येते. यावर ती इतकी हसली की कानाला लावलेला हेडफोन मला काढून ठेवावा लागला. मी आयुष्यभर भावगीतं ऐकत आलेला माणूस. माझ्या विनोदाला एवढी दाद मला घरात कधी मिळालेली नाही, त्यामुळे ही मुलगी मला तिथंच आवडली.

स्पर्धेवाल्यांना आवडली नाही. त्यांनी कळवलं की आवाज फार जड आहे. ती माझ्यासमोरच फोनवर ते वाचत होती. वाचून झालं, फोन खिशात टाकला, खिशातून खारे शेंगदाणे काढले आणि म्हणाली, "बरं. पुढचं." हे तिचं ठरलेलं होतं. एका हॉटेलात शनिवारी गायची, तिथं मालकाने सांगितलं की लोक जेवणाकडे लक्ष देत नाहीत, उद्यापासून नको. बरं, पुढचं. एका लग्नाच्या ऑर्केस्ट्राने घेतलं आणि हळदीच्या दिवशीच काढलं, कारण नवरीपेक्षा तिच्याकडेच सगळे बघत होते. बरं, पुढचं. मधे शेंगदाणे.

पुढे ती येतच राहिली. आली की आधी माइकला वाकून नमस्कार, मग मला. हा क्रम मला खटकायचा, पण तिने बदलला नाही. माझा चहा प्यायची आणि विचारायची, काका, हा चहा आहे की चहाची आठवण? हे बोलणं ती आमच्याच पेठेत शिकली, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार. गाताना बसायची नाही. आणि टाळी भलतीकडेच द्यायची. आपण समेवर टाळी देतो, ती मधल्या मोकळ्या जागेत द्यायची. मी एकदा थांबवून सांगितलं की टाळी चुकतेय. तिने उलट माझेच हात धरून मला तिची टाळी शिकवायचा प्रयत्न केला. मला ती आजवर जमलेली नाही. माझे हात आपले समेवरच जातात.

एवढी धडपड कशासाठी, असा मला प्रश्न होता, कारण नोकरी बरी होती. ते कारण तिने एकदा शेंगदाणे सोलता सोलता सांगितलं. वडील त्या वर्षी निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार होतं. भंडाऱ्याजवळच्या गावी त्यांनी घर बांधून ठेवलं होतं, आईबाबा तिकडे जाणार होते आणि तीही. तिने तसा शब्दच दिला होता. बाबा निवृत्त होऊन निघेपर्यंत गाण्याचं काही झालं तर पुण्यात राहायचं, नाही झालं तर मुकाट त्यांच्याबरोबर जायचं, तिकडच्या एखाद्या बँकेची परीक्षा द्यायची आणि गाणं एप्रिलपुरतं ठेवायचं. मी म्हटलं, वडील फार कडक दिसतात. तिला ते लागलं. म्हणाली, बाबा अजिबात कडक नाहीत. माझी काळजी करतात, म्हणून मीच शब्द दिला. आणि दिलेला शब्द मी मोडणार नाही, काही झालं तरी. मी सांगायला जाणार होतो की शब्द वगैरे आता कुणी पाळत नाही, पण तिचं तोंड बघून चहा ओतला.

आणि मग दत्ताभाऊ आले.

दत्ताभाऊंची बिबवेवाडीत भाजीची हातगाडी. हल्ली गाडीवाले ओरडत नाहीत. गाडीला छोटा स्पीकर लावतात, त्यात आधी रेकॉर्ड केलेली हाळी दिवसभर फिरत राहते. दत्ताभाऊंना नवीन हाळी हवी होती आणि बाईचा आवाज हवा होता, कारण पुरुषाचा आवाज आला की बायका खिडकी लावून घेतात असा त्यांचा अनुभव. मी मित्राला विचारलं. दुसरी एखादी म्हणाली असती, मी गायिका आहे. ही म्हणाली, कोणकोणत्या भाज्या?

त्या दिवशीची गंमत मी विसरणं शक्य नाही. कांदे, बटाटे, मेथी, कोथिंबीर हे सगळं एका दमात सरळ झालं. मी म्हटलं छान, संपलं. मित्रा म्हणाली, शेपू परत घेऊ. मी विचारलं, शेपूला काय झालं? तर म्हणे, शेपू कुणालाच आवडत नाही, म्हणून मी तो उरकला, ते बरोबर नाही. मग तिने शेपू पुन्हा घेतला. मग पुन्हा. दर वेळी तो शेपू जरा लांब व्हायला लागला, जरा खालून उचलायला लागला, 'पू' वर तर ती अशी रेंगाळली, वर चढली, तिथून हळूच उतरली की एखाद्याचा मुलगा परदेशी चाललाय असं वाटावं. दत्ताभाऊ खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, ताई, आमच्या मालाला एवढा मान कुणी दिला नव्हता.

हाळी झाली तरी वेळ पुष्कळ उरला. मी भाडं तासाचं घेतो आणि ते दत्ताभाऊंनी पूर्ण भरलं होतं. मित्राने त्यांना विचारलं, भाऊ, तुमचा उरलेला वेळ मी वापरू? एक गाणं आहे माझं. दत्ताभाऊ उदारपणे म्हणाले, वापरा की, फुकट कशाला घालवायचा.

ते गाणं तिने स्वतः केलं होतं, तिच्या वडिलांच्या सायकलवरून. लहान असताना बाबा तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचे आणि तसेच कारखान्यात जायचे. वाटेत एक चढ होता. बाबांना दम लागलेला तिला पाठीमागून ऐकू यायचा, म्हणून ती म्हणायची, बाबा, मी उतरते, तुम्ही चालवा. आणि बाबा म्हणायचे, उतरू नको. हळू, पण चालू. बस, एवढंच. बाकीचे लोक चढावर उतरून सायकल हातात धरून चालायचे, तिच्या बाबांची सायकल सगळ्यांच्या मागून यायची आणि वर पोचायची.

साथीला काहीच नव्हतं. ती अनवाणी उभी राहिली, पायाने ठेका धरला, त्या आडवेळच्या टाळ्या दिल्या आणि सुरू केलं.

चढ आला, येऊ दे गं, उतरायचं नाही,
घाम आला, येऊ दे गं, पुसायचं नाही,
हळू, पण चालू, बाबा, हळू, पण चालू.

पहिलं कडवं तिने जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं. दुसऱ्याला आवाज उघडला. तिसऱ्याला तो धापा टाकणारा बाप त्या आवाजात आला, खरोखर आला, एकेक शब्द पायडल मारल्यासारखा पडत होता, आणि शेवटच्या 'चालू'ला ती जी वर गेली ती चढ संपल्यावर सायकल आपसूक सुटते तशी मोकळी सुटली. मी बटणांना हात लावायचं विसरलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाणी ऐकून रडणाऱ्यांपैकी मी नाही, पण ते आलं हे खरं.

आता दत्ताभाऊंचा स्वभाव सांगतो, कारण पुढचं सगळं त्या एका स्वभावावर घडलं. मी हाळीचा तेवढा तुकडा कापून त्यांच्या स्पीकरच्या मेमरी कार्डावर घालत होतो. त्यांनी हात धरला. म्हणाले, काका, मी पैसे तासाचे दिलेत. तासात जे झालं ते सगळं माझं. कापायचं नाही. मी समजावलं की हाळीनंतर गाणं आहे, मधे माझं बोलणं आहे, खुर्ची वाजलीय, तुम्ही भाजी विकणार की काय करणार? ते ऐकेनात. निवडून घेतलेल्या वांग्यांतलं एक तुम्ही काढून ठेवलंत तर चालेल का, असा त्यांचा मुद्दा. मित्राला विचारलं, तर ती हसून म्हणाली, देऊन टाका काका, त्यांचाच वेळ आहे. दिलं.

तर दुसऱ्या दिवसापासून बिबवेवाडीच्या चढाच्या गल्ल्यांमधून गाडी फिरायला लागली. आधी कांदे, बटाटे, मेथी, मग तो अद्भुत शेपू. मग माझा आवाज: "झालं का? मग कर काय करायचं ते, फक्त खुर्ची वाजवू नकोस." मग तिने बाजूला सारलेली खुर्ची वाजल्याचा आवाज. आणि मग गाणं. दत्ताभाऊ गाडी चढावर ढकलतायत, घामाने न्हालेत, आणि स्पीकरमधून मित्रा त्यांना सांगतेय की पुसायचं नाही.

पहिल्या आठवड्यात लोकांनी तक्रार केली. भाजीवाला भाजी सोडून भलतंच लावतो म्हणून. दुसऱ्या आठवड्यात दत्ताभाऊंनी लाजून फक्त हाळी ठेवली, तर बायका खाली उतरून विचारायला लागल्या की सायकलवालं का बंद केलं. तिथल्याच एका कॉलेजच्या मुलीने गॅलरीतून मोबाइलवर ते टिपलं, गाडी, चढ, दत्ताभाऊंची पाठ आणि गाणं, आणि पाठवलं कुणाकुणाला. त्यानंतर काय होतं ते हल्ली शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दत्ताभाऊंच्या मेहुण्यांनी आपापल्या गाड्यांसाठी कार्डं भरून नेली. रिक्षांच्या मागे 'हळू, पण चालू' दिसायला लागलं. जिममध्ये वजनं उचलताना पोरं तेच लावतात असं कळलं. आमच्या हिच्या गुडघ्याच्या व्यायामाच्या वर्गातसुद्धा ते वाजलं, आणि ही घरी येऊन मला म्हणाली, अहो, तुमचा खुर्चीवरून ओरडलेला आवाज जगाला ऐकू गेला, आता तरी समाधान झालं का?

मग मुंबईची गाण्यांची एक कंपनी आली. त्यांनी तेच गाणं मोठ्या स्टुडिओत, वाद्यं घालून, स्वच्छ करून घेतलं. मित्राने एकच अट घातली, सुरुवातीला काकांचं वाक्य आणि खुर्ची पाहिजे. त्यांना ते कळेना, पण ठेवलं. त्यांनी तिला पूर्ण गाण्यांचा संच करू म्हणून विचारलं. तिने सांगितलं, सांगते. मी म्हटलं, सांगते काय? हो म्हण. ती म्हणाली, बाबांनी अजून काही म्हटलेलं नाही.

खरंच म्हटलं नव्हतं. सगळं पुणं गुणगुणत होतं आणि ज्यांचं ते वाक्य, ते मेश्रामसाहेब गप्प होते. ती विचारत नव्हती, कारण शब्द तिने दिला होता, आता सोडवायचा तर त्यांनी. ते बोलत नव्हते, का ते कुणाला ठाऊक नव्हतं. दोघांच्या मधे तिची आई बिचारी डबे भरत होती. क्वार्टर सोडायचा दिवस जवळ येत होता आणि रेल्वेची तिकिटं तिघांची काढलेली होती.

एका दुपारी मेश्रामसाहेब स्वतः माझ्याकडे आले. खडकीहून सायकलवर. काळी, उंच, डायनॅमोची सायकल, इतकी पुसलेली की खालचा दुकानदार बाहेर येऊन बघत होता. त्यांनीही चप्पल खालीच काढली, तेव्हा मला कळलं ती खोड कुठली. जय भीम म्हणाले, मीही जय भीम म्हटलं. बसले. बारीक चणीचा, फार हळू बोलणारा माणूस. चहा दिला, तो कुरकुर न करता प्यायला, यावरून काही गोष्टी मुलीत वडिलांच्या आलेल्या नाहीत हे दिसलं. मग म्हणाले, "मला एक सांगा जी. पोट्टी गाते चांगली, ते मला माहीत आहे. पण हे काम आहे का? आज गाडीवर वाजून राहिलं, उद्या दुसरं वाजन. मग ही एकटी इथं काय करन?"

मी म्हटलं, "मेश्रामसाहेब, माझं आयुष्य या खोलीत गेलं. हे काम आहे का, ते मला अजून नक्की कळलेलं नाही. पण रोज दार उघडतो."

त्यांनी कप खाली ठेवला. मग माइककडे बोट करून विचारलं, इथंच उभी होती का? मी हो म्हटलं. ते उठून त्या जागेवर जाऊन उभे राहिले, अनवाणी, हात मागे बांधून. मग खाली उतरले आणि सायकलवर टांग टाकून गेले.

पुढे एका सभागृहात तिचा कार्यक्रम झाला, तिचा एकटीचा, पहिलाच. मी आणि आमची ही गेलो होतो. दत्ताभाऊ इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. मेश्रामसाहेब आणि तिची आई आमच्या शेजारी. मित्राने शेवटी 'हळू, पण चालू' घेतलं तेव्हा सगळं सभागृह तिच्या त्या आडवेळेला टाळ्या देत होतं आणि मी एकटा समेवर. हिने माझे हात धरून ठेवले. कडव्याकडव्याला मी चोरून शेजारी बघत होतो. मेश्रामसाहेब मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते, फक्त त्यांचे पाय हलत होते. एक वर, एक खाली. सायकलचे. बाहेर आल्यावर मित्रा धावत आली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली. ते म्हणाले, आवाज मोठा होता. तिची आई वैतागून म्हणाली, "अहो, काऊन असे करता जी?" मित्रा म्हणाली, बरं. पुढचं मात्र तिने म्हटलं नाही.

निघायचा दिवस उजाडला. गाडी दुपारची होती. सामान टेम्पोने आधीच गेलं होतं. सायकल मात्र त्यांनी टेम्पोत घातली नव्हती, ती त्यांच्याच गाडीने पार्सलच्या डब्यातून जाणार होती, आणि खडकीहून स्टेशनपर्यंत ते ती चालवत आले. मी निरोपाला गेलो होतो. मित्रा तिची बॅग घेऊन उभी होती. मुंबईच्या कंपनीला तिने अजून हो म्हटलेलं नव्हतं. मला राग आला होता, बापाचा आणि तिचाही. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, एकदा तोंड उघडून विचार. ती मान हलवून नाही म्हणाली आणि शेंगदाण्यांसाठी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तेव्हा पहिल्यांदा मला ती लहान वाटली.

मेश्रामसाहेब पार्सलच्या खिडकीपाशी रांगेत सायकल धरून उभे होते. त्यांचा नंबर आला. आतल्या बाबूने काही विचारलं. ते सायकलच्या सीटवरून हात फिरवत राहिले. मागचा माणूस कुरकुरला. मग त्यांनी सायकल रांगेतून बाहेर काढली आणि वळवून सरळ आमच्याकडे घेऊन आले. बायको घाबरून म्हणाली, काय झालं? घेत नाहीत का?

ते म्हणाले, "तिकडं सगळं सपाट आहे. ही तिकडं करन काय?"

आणि हँडल मित्राच्या हातात दिलं.

तिला कळायला एक क्षण लागला. मला तर दोन लागले. मग तिने सायकल तशीच अंगावर टेकवून बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि त्या कपाटासारख्या आवाजात, साऱ्या स्टेशनाला ऐकू जाईल अशी रडली. ते तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होते, ब्रेक पाहून घेजो, पुढचा जरा ढिला आहे. आई एकीकडे रडत होती आणि दुसरीकडे पिशवीतला एक डबा बाहेर काढत होती, कारण आता एक डबा इथं राहणार होता.

गाडी गेली. मित्राने बॅग कॅरिअरला बांधली. शिवाजीनगरला एका मैत्रिणीची खोली होती, तिकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, माझ्या रिक्षात बस, सायकल मागाहून नेऊ. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. चप्पल काढून तिने हँडलला अडकवली आणि टांग मारली. सायकल तिला उंच होत होती.

त्यानंतर ती मोठी झाली. मुंबई, दिल्ली, कुठकुठल्या गावांत गाते. मोबाइलवर मी तिला बघतो, दत्ताभाऊंच्या गाडीवर ऐकतो, पण आमच्या खोलीवर यायला तिला अजून सवड झालेली नाही. म्हणजे समोरासमोर बघितलेली मित्रा अजून तरी माझ्यासाठी त्या दिवशीचीच आहे.

त्या दुपारी माझी रिक्षा स्टेशनकडून निघाली आणि नदीच्या अलीकडच्या चढावर तिला गाठलं. उभी राहून पायडल मारत होती. बॅग सायकलला मागे ओढत होती, मागून मोटारी हॉर्न देत होत्या, केस तोंडावर आले होते, घाम डोळ्यांत जात असणार, पण दोन्ही हात हँडलवर घट्ट. रिक्षावाला म्हणाला, उतरून ढकलत न्यायची की हो, कशाला जीव काढतीय? मी म्हटलं, ती उतरणार नाही. आम्ही पुढे निघून वर पोचलो. तिथं मी त्याला रिक्षा कडेला घ्यायला सांगितली. तो म्हणाला, मीटर पडतंय काका.

मी म्हटलं, पडू दे.

आणि आम्ही तिची वाट बघत थांबलो. ती यायला बराच वेळ लागला. मग आधी तिचं डोकं दिसलं, मग खांदे, मग हँडलला लटकणारी चप्पल, आणि ती माझ्या समोरून, एकदाही न थांबता, धापा टाकत वर गेली.